बाबांच्या मापाची चड्डी

“पण बाबा, मी कमी कुठं पडतोय, तेवढं तरी सांगा.”

यमाजीबाबा ओट्यावर बसून मटकीतले खडे वेचत होते. त्यांनी एक खडा उचलला, उजेडाला धरून पाहिला आणि अंगणात टाकला.

“कमी पडतोस आसं कोण म्हणलं?”

“मग जायची आज्ञा द्या.”

“कुठं?”

रंगनाथाला राग आला. कुठं ते बाबांना चांगलं ठाऊक होतं. खडकेवाडीच्या लोकांनी त्याच्यासाठी ओढ्याकाठी नवा मठ बांधला होता. वर पत्रा, पुढं ओसरी, आत बसायला गादी. सगळं तयार होतं आणि सगळं अडलं होतं ते बाबांच्या एका शब्दापाशी. गुरूनं ‘जा’ म्हटल्याशिवाय शिष्यानं स्वतःचे शिष्य करायचे नाहीत, अशी या टेकडीवरच्या मठाची जुनी रीत होती.

“खडकेवाडीला,” तो म्हणाला. “गुरुवारी माणसं जीप घेऊन न्यायला येणार आहेत.”

बाबा पुढचा खडा शोधत राहिले…

“रंगा, मला एक चड्डी पायजे.”

“काय पाहिजे?”

“चड्डी. गुडघ्यापत्तूर. नाडीची. तळ्यातला गाळ काढायचाय आवंदा. कफनी चिखलात लोळती.”

“उद्याच बाजारातून आणतो.”

“बाजारातली नगं. तू शीव.”

“मी?”

“तू. आन् ती मला बसली, की जा खडकेवाडीला.”

एवढं बोलून बाबा उठले. एका हातात मटकीचं सूप आणि दुसऱ्या हातात काठी, असे सावकाश आत गेले. काठी त्यांनी गेल्या वर्षापासून धरली होती. ‘बाबा आता थकले’ असं रंगनाथ कीर्तनात सांगायचा. ते सांगताना त्याचा गळा दाटून यायचा आणि ऐकणाऱ्यांचाही यायचा.

रंगनाथ काही साधासुधा शिष्य नव्हता, निदान त्याच्या स्वतःच्या मते तरी नव्हता. आसपासच्या गावांत त्याचं नाव झालं होतं ते एकाच विषयामुळं, गुरुचरण. गुरूच्या पायांवर तो तासन्‌तास बोलायचा. त्या पायांची धूळ, त्या पायांचं तीर्थ, त्या पायांशी मिळणारी सावली… बायाबापड्या डोळ्याला पदर लावायच्या.

आणि नुसतंच बोलणं नव्हतं. रोज पहाटे तांब्याच्या परातीत बाबांचे पाय तो स्वतःच्या हातानं धुवायचा. डोळे मिटून, तोंडानं मंत्र म्हणत. डोळे उघडे ठेवून पाय धुणं म्हणजे त्याला भाजी धुतल्यासारखं वाटायचं.

बाबांच्या पायांतल्या खडावाही त्यानंच आणलेल्या होत्या. शिसवी लाकडाच्या, चांदीच्या खुंट्यांच्या. गेल्या गुरुपौर्णिमेला त्यानं त्या चारचौघांसमोर अर्पण केल्या. बाबांच्या जुन्या खडावा त्यांनी स्वतः बाभळीच्या लाकडातून तासलेल्या, ओबडधोबड. त्या रंगनाथानं देव्हाऱ्यात पूजेला ठेवल्या. तेव्हापासून त्यांच्यावर रोज फूल पडत होतं.

असा हा शिष्य. आणि त्याला सांगितलं काय, तर चड्डी शीव.

आधी त्याला अपमान वाटला. मग थोड्या वेळानं बरं वाटायला लागलं. त्याच्या मनानं घेतलं, की ही परीक्षा आहे आणि चड्डी म्हणजे काही चड्डी नव्हे. दोन पाय म्हणजे प्रपंच आणि परमार्थ. नाडी म्हणजे गुरुकृपा. सुई म्हणजे काय ते तेवढं जुळत नव्हतं, पण जुळलं असतं. संध्याकाळपर्यंत त्याचं निम्मं कीर्तन तयार झालं. चड्डीचं कापड मात्र अजून बघायचं होतं.

मठातलं स्वयंपाकपाणी सगुणाआक्का बघायच्या. बाबांच्याच गावच्या, रंगनाथाच्या कितीतरी आधीपासून मठात राहिलेल्या, आणि कुणाची भीड म्हणून न ठेवणाऱ्या. शिवणाची पेटी त्यांच्याकडं असे.

“निळ्या पट्ट्यांचं कापड हाय बघ,” आक्का म्हणाल्या. “एवढंच हाय. जपून काप.”

“एका चड्डीला असं किती लागतंय?”

“माप घेतलं का?”

“कुणाचं?”

“माझं. आरं, बाबांचं.”

रंगनाथानं कानांना हात लावले. “गुरूच्या अंगाला टेप लावू? काय बोलता आक्का.”

“देवीची चोळी शिवायची तरी मूर्तीचं माप घेत्यात.”

“मला गरज नाही. बाबा माझ्याच उंचीचे आहेत. आणि त्यांचे पाय तर मी रोज धरतो.”

आक्कांनी कापड त्याच्या हातात दिलं.

“बरं…” त्या म्हणाल्या, आणि हातातली टेप परत पेटीत टाकली.

रंगनाथानं दार लावून घेतलं. स्वतःची जुनी चड्डी जमिनीवर पसरली, कापडावर ठेवली, कडेकडेनं खडू फिरवला आणि खडूच्या रेघेवर कात्री चालवली. काम सोपं होतं. लोक उगाच शिंप्याकडं खेपा घालतात, असंही त्याला वाटून गेलं.

शिवणीसाठी जागा सोडायची असते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

शिवून झाल्यावर त्यानं ती आधी स्वतः घालून बघितली. मांडीपर्यंत आली आणि थांबली. खांबाला धरून त्यानं दोन उड्या मारून बघितल्या. चड्डी वरही जाईना आणि खालीही येईना. शेवटी मागच्या बाजूला टर्र असा आवाज झाला आणि ती सुटली.

त्यानं आधी दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं. मग त्यानं ती फाटकी चड्डी आपल्या वळकटीखाली दडपून ठेवली.

त्या दिवशी संध्याकाळच्या प्रवचनाचा विषय होता निष्कपट मन. ते नेहमीसारखं रंगलं नाही.

दुसऱ्या खेपेला त्यानं सैल कापलं. उरलेलं सगळं कापड त्यात गेलं. या खेपेला जागा सोडली, टाके बारीक घातले, दोरा घट्ट ओढला. पण दोन पायांच्या मधल्या वळणाच्या कडा एकमेकींना जोडायच्या, तिथं त्यानं सरळ कडा जोडल्या. झालं काय, की मध्ये सलग घागरा तयार झाला आणि दोन्ही कुशींना दोन भोकं पडली.

बराच वेळ तो ते हातात धरून फिरवत राहिला. कुठून बघितलं तरी त्यात पाय घालायची वाट सापडेना. दडवायला वळकटीखाली जागा होती, पण कापड संपलं होतं. नाइलाजानं तो आक्कांकडं गेला.

आक्कांनी ते दोन्ही हातांनी वर धरलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या तिथंच चुलीपाशी खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

“ह्यात बाबांनी बसायचं, का जोंधळं भरायचं?”

रंगनाथ लाल झाला. एवढ्या सभा गाजवल्या त्यानं, पण कुणी त्याच्या तोंडावर असं हसलं नव्हतं. आक्कांच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानं चार शब्द सुनावले असते. पण ते घागऱ्यासारखं काहीतरी त्याच्याच हातचं होतं, त्याला काय सुनावणार.

“दुसरं कापड द्या,” तो हळू आवाजात म्हणाला.

“न्हाई. आन् आसतं तरी दिलं नसतं. उसव.”

“सगळं?”

“सगळं. आन् फाडू नगंस. एकेक टाका काढ.”

तो अंगणात उसवायला बसला. दोरा घट्ट ओढलेला, टाके बारीक. शिवताना ज्याचा अभिमान वाटला होता तेच आता जिवावर आलं. नखाखाली सुई गेली. उन्हं कलली तरी एक बाजू व्हायची होती. येणारेजाणारे त्याला नमस्कार करत आणि मग त्याच्या मांडीवरच्या कापडाकडं बघत. प्रत्येक नमस्काराला त्याची मान आणखी खाली जायची.

आक्का शेंगा फोडत शेजारी येऊन बसल्या.

“आता आधी दोन पाय वेगवेगळं शीव. नुसत्या नळ्या. झालं? आता ह्यो पाय सुलटा कर. त्यो उलटाच ऱ्हाऊ दे. आता सुलटा उलट्याच्या पोटात घाल.”

“पोटात?”

“घाल. आता वळणाला वळण आलं का? तिथनं शीव.”

त्याचा विश्वास बसत नव्हता, पण त्यानं शिवलं. आतला पाय बाहेर ओढला. आणि हातात चड्डी आली. खरीखुरी चड्डी, दोन पायांची, मध्ये जोड असलेली.

तो तिच्याकडं नुसता बघत राहिला. त्याला खरंच आनंद झाला, अगदी पोरासारखा. त्या वेळेपुरतं त्याला कीर्तन सुचलं नाही.

“मागनं जरा वर घे,” आक्का म्हणाल्या. “माणूस बसतं तवा मागनं वडतं.”

मग मागच्या बाजूला त्यानं एक पट्टी जोडली. वर नाडीसाठी नेफा केला. खालचे काठ दुमडले. इथं मात्र तो जुना रंगनाथ परत आला. दोन्ही पाय एकावर एक ठेवून त्यानं काठ जुळवले, टेपनं मोजले, पुन्हा जुळवले. कुठंही कमीजास्त नको. गुरूची वस्तू म्हणजे कशी डोळ्यांत भरली पाहिजे.

आक्कांनी चड्डी उलटीसुलटी करून बघितली.

“शिवण चांगली झाली,” त्या म्हणाल्या. “दोन्ही पाय अगदी सारखं केलंस.”

“दोऱ्याएवढाही फरक नाही.”

“व्हय… त्येच म्हणते मी.”

रंगनाथाला ते कौतुक वाटलं.

गुरुवारी खडकेवाडीची जीप आली. पुढं हणमंतराव, म्हणजे ज्यांनी मठाला जागा दिली ते. मागं चारपाच माणसं, हातांत हार आणि नारळ. रंगनाथानं वळकटी आधीच बांधून ओसरीवर आणून ठेवली होती. चड्डी त्यानं घडी करून ताटात ठेवली, वर कुंकू वाहिलं आणि सगळ्यांसमोर बाबांच्या पुढं धरली.

“हे काय, बुवा?” हणमंतरावांनी विचारलं.

“गुरुसेवा,” रंगनाथ म्हणाला. “स्वतःच्या हातानं शिवली.”

माणसांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या. बाबांनी ताटातली चड्डी उचलली आणि काठी टेकत आत गेले.

बाबा येईपर्यंत रिकामं कशाला बसायचं म्हणून रंगनाथानं लोकांना चड्डीचा अर्थ सांगायला घेतला. प्रपंच सांगून झाला होता, परमार्थ चालू होता, तेवढ्यात बाबा दारात आले.

अंगात बंडी आणि खाली निळ्या पट्ट्यांची चड्डी. कफनी नव्हती. एवढ्या वर्षांत बाबांना घोट्यांच्या वर असं कुणी बाहेरच्यानं बघितलं नव्हतं.

मागं कुणीतरी खुदकन हसलं.

“बुवा,” हणमंतराव म्हणाले, “एक पाय खाली आलाय की हो चड्डीचा.”

रंगनाथानं बघितलं. खरंच. डावा काठ गुडघ्याच्या वर होता. उजवा गुडघा झाकून खाली लोंबत होता. चड्डी एका अंगाला पार कलली होती.

“नाडी तिरकी बांधली असेल,” तो म्हणाला आणि पुढं झाला.

नाडी सरळ होती. नेफा सरळ होता. काठ तर त्यानं स्वतः जुळवलेले. मग त्याची नजर काठाच्या खाली गेली…

उजवा पाय बारीक होता. पोटरी म्हणून नव्हतीच. मांडीच आखूड, आणि त्यामुळं सगळा पाय डाव्यापेक्षा चार बोटं आखूड. तो जमिनीवर पुरा टेकावा म्हणून बाबांची कंबर त्या बाजूला खचली होती, आणि खचलेलं अंग काठीनं तोलून धरलं होतं.

चड्डी वाकडी नव्हती.

“शिंप्याकडनं तरी शिवून घ्यायची, बुवा,” मागचा कुणीतरी बोलला.

“चड्डी झ्याक शिवलीय रंगानं,” बाबा म्हणाले. “माझा पायच आखूड हाय.”

आज गुरुवार आहे, असं सांगावं इतक्या सहज ते बोलले. हसणं थांबलं. कुणी कुणाकडं बघेना.

रंगनाथाला आठवली देव्हाऱ्यातली जुनी खडावांची जोडी. एक जाड, एक पातळ. पूजेत ती वरखाली दिसायची आणि हार सरळ बसायचा नाही. म्हणून त्यानं पांडबा सुताराला बोलावून जाड खडावेवर रंधा मारून घेतला होता. “जाड ठिवलीय ती मुद्दामच आसंल, बुवा,” पांडबा म्हणाला होता. आणि त्यानं पांडबाला सुनावलं होतं, की तू लाकूड तास, मला शिकवू नको.

जुन्याच बऱ्या होत्या, असं तेव्हा आक्काही म्हणाल्या होत्या. त्याला वाटलं होतं, म्हातारं माणूस, नव्याचं कौतुक नाही.

काठी त्यानंतर आली होती. बाबा थकले नव्हते. त्यानं त्यांना लंगडं केलं होतं, आणि तेच तो गळा काढून कीर्तनात सांगत होता.

त्याला इतकी लाज वाटली, की समोर माणसं आहेत हेही त्याला नीट कळेना.

“कधीपासून, बाबा?” त्यानं विचारलं.

“ल्हानपणी ताप आला हुता. त्यात गेला.”

“म्हणजे मी यायच्या आधीपासून.”

“लई आधीपासनं.”

“जुनी एक खडाव जाड होती…”

“व्हती.”

“मी ती तासून घेतली.” हे तो मोठ्यानं बोलला. खडकेवाडीच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “सारखी दिसावी म्हणून.”

“घेतलीस.”

“आणि तुम्ही नव्या घातल्यात. वर्षभर.”

“तू हौसंनं आणल्यास. घातल्या.”

“दुखत असेल…”

“दुखतंय की.”

“मग बोलला का नाहीत?”

बंडीवर बसलेली माशी बाबांनी हातानं उडवली.

रंगनाथाला पुढं बघवेना. तो खाली वाकला, सवयीप्रमाणं डोळे मिटले आणि डोकं बाबांच्या पायांवर ठेवायला गेला. कपाळ जमिनीला लागलं. बाबांनी पाय मागं घेतले होते.

“पाया पडू नगंस,” बाबा म्हणाले. “माप घे.”

आक्का केव्हाच दारात येऊन उभ्या होत्या. टेप त्यांच्या हातात होती. त्यांनी ती पुढं केली.

रंगनाथ गुडघ्यांवर बसला. आधी डाव्या पायाचं माप घेतलं, मग उजव्याचं. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. खात्रीसाठी पुन्हा घेतलं. डोळे उघडे होते. गुडघ्याखाली डागणीचा जुना व्रण होता. टाच फुटलेली होती. अंगठ्याशेजारी, खुंटीच्या बाजूला, घट्टा पडून त्याच्या कडेला कातडं सोललेलं होतं. ते ताजं होतं. आज पहाटेच त्यानं त्याच्यावर मंत्र म्हणत पाणी ओतलं होतं.

“इथं झोंबत नाही का?” त्यानं विचारलं.

“पाणी पडलं की झोंबतं.”

त्यानं टेप तिथून जरा बाजूला धरली.

बाबा आत जाऊन कफनी घालून आले आणि चड्डी त्यांनी त्याच्या मांडीवर टाकली. रंगनाथ अंगणात, सगळ्यांच्या देखत, उजवा काठ उसवायला बसला. या खेपेला त्याला टाका तोडायची घाई नव्हती. एकेक काढला. चार बोटं वर खडूची रेघ मारली. मग थांबला, शिवणीसाठी जागा सोडली, आणि मग कात्री लावली.

“बुवा,” हणमंतराव चुळबुळत म्हणाले, “तिकडं माणसं जमली असतील. जेवणाचं बघायचंय.”

रंगनाथ सुईत दोरा ओवत राहिला.

आक्का ओसरीवर गेल्या, त्याची बांधलेली वळकटी सोडली आणि आतून एक चोळामोळा झालेलं कापड ओढून काढलं. निळ्या पट्ट्यांचं. मागून फाटलेलं.

“ही बी तुझीच का?” त्या म्हणाल्या. “मला वाटलंच, कापड एवढं लवकर कसं सरलं.”

माणसांनी बघितलं. पहिली चड्डी, जी तो लपवून, वळकटीत बांधून, नव्या मठात घेऊन निघाला होता. कुठंतरी वाटेत टाकून द्यायचा त्याचा बेत होता.

“माझीच,” तो म्हणाला.

“मग घडी कर आन् बांध त्या खडावंवर. पायाला तेवढाच आधार. उद्या पांडबाकडं जा. त्याला हात जोड, आन् एक जाड खडाव कराय सांग.”

त्यानं घडी घातली. जाडी बघितली, टेप लावली, आणखी एक घडी घातली. उजव्या खडावेवर ती उरलेल्या नाडीनं आवळून बांधली. शिसवी लाकडावर ते गबाळं दिसत होतं. चांदीची खुंटी त्यात निम्मी बुडाली होती.

मग चड्डीचा काठ दुमडून शिवून टाकला. सुईनं बोटातून रक्त आलं तेव्हा बोट तोंडात धरलं आणि पुन्हा शिवायला लागला. शिवून झाल्यावर त्यानं ती गवतावर पसरली. एक पाय लांब, एक पाय आखूड. कुणीही म्हणावं, शिवणाऱ्याला दिसत नसावं.

“आता तर पारच बिघडली की,” हणमंतराव पुटपुटले.

बाबा ती घेऊन आत गेले आणि घालून आले. पायांत खडावा होत्या.

दोन्ही काठ दोन्ही गुडघ्यांच्या वर बरोबर बसले होते. बाबांनी काठी ओट्याला टेकवून ठेवली. अंगणात चार पावलं गेले, वळले, परत आले. उकिडवे बसून बघितलं, जसं गाळ उपसताना बसतात तसं. मागून कुठं ओढलं नाही.

रंगनाथाला बरं वाटायला हवं होतं. त्याला आणखीच लाज वाटली. एवढंसं काम होतं आणि त्याला एवढी वर्षं लागली होती. तो हणमंतरावांकडं वळला.

“तुम्ही परत जा,” तो म्हणाला. “मी येत नाही.”

“आवं बुवा, मठ बांधलाय. गादी घातलीय. लोकांनी वर्गणी…”

“त्या गादीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा.”

“आमी काय चुकलो का?”

“तुम्ही नाही.” त्याला शब्द सापडेनात. एरवी शब्दांची कधी वाण नव्हती त्याला. “मला बाबांचा पाय दिसला नाही, हणमंतराव. रोज हातात होता.”

हार धरलेला माणूस हार मागं घेऊन उभा राहिला. जीपवाला जीपमध्ये जाऊन बसला.

बाबा अजून उकिडवेच होते. ते उठले आणि चड्डीवरची धूळ झटकली.

“बसली,” ते म्हणाले.

“काय, बाबा?”

“चड्डी. बसली मला. आता जा.”

“आता? पांडबाकडं…”

“पांडबा वाटंवरच राहतो.”

“बाबा, आता कुठल्या तोंडानं जाऊ…”

गवतावर टेप पडली होती. बाबांनी ती उचलली, बोटांभोवती नीट गुंडाळली आणि रंगनाथाच्या हातात दिली.

“जा. ही संगं ने.”